जुन्या व्हीसीडी-डीव्हीडी बदलून ब्ल्यू-रे, फोर-के घ्यायचंय? बेळगावकडच्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कुठंही जा. ज्यांच्या घरी २००० च्या आसपास सीडी प्लेअर आला त्यांच्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात अजून डिस्कांची चळत असतेच. मग दिवाळीत मोठा टीव्ही येतो, हौसेनं जुना पिक्चर लावला जातो आणि सगळा विरस होतो. त्यानंतर जे प्रश्न येतात ते सगळे एका जागी लिहून ठेवतोय. आणि आधीच सांगतो, अख्खं कपाट बदलायचं डोक्यात असेल तर ते काढून टाका. काही डिस्क बदलायच्या, काही तशाच ठेवायच्या आणि काहींची आजच्या आज कॉपी करायची, एवढंच काम आहे.

५५ इंची टीव्ही घेतला, जुनी व्हीसीडी लावली तर चेहरे चौकटी-चौकटीत दिसालेत. टीव्हीत फॉल्ट आहे का?

टीव्हीत काही नाही हो, टीव्ही चांगला आहे म्हणूनच दिसतंय. व्हीसीडी हे १९९३ चं स्टँडर्ड, चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे साधारण १ लाख ठिपके. डीव्हीडीला ७२० बाय ५७६, म्हणजे ४ लाखाच्या थोडं वर. ब्ल्यू-रेला जवळजवळ २१ लाख आणि फोर-केला ८३ लाख. आता ८३ लाख ठिपक्यांच्या पडद्यावर १ लाखाचं चित्र ताणून बसवायचं म्हटल्यावर मधले ८२ लाख टीव्हीनं स्वतःच्या मनानं भरायचे, तो बिचारा किती भरणार. २१ इंची जुन्या डब्बा टीव्हीवर हेच सगळं झाकलं जायचं.

एक करून बघा, पिक्चर सेटिंगमध्ये शार्पनेस एकदम कमी करा. कंपनीकडून येतानाच तो वाढवलेला असतो आणि व्हीसीडीच्या चौकटी त्यानं अजून उठून दिसतात. आणि चौकोनी चित्र चौकोनीच राहू द्या, बाजूला काळे पट्टे आले तर येऊ देत. ताणून बघितलं की हिरो-हिरॉईन दोघंही जाडे होतात.

ब्ल्यू-रे म्हणजे डीव्हीडीच ना, फक्त महाग?

आकार तोच, बाकी काहीच तेच नाही. डीव्हीडी वाचायला लाल लेझर, ६५० नॅनोमीटरचा, ब्ल्यू-रेला निळा-जांभळा, ४०५ चा. लेझर बारीक म्हणून खुणा बारीक, म्हणून तेवढ्याच चकतीवर जास्त माल बसतो: डीव्हीडीवर ४.७ किंवा ८.५ जीबी, ब्ल्यू-रेवर २५ किंवा ५०, फोर-के डिस्कवर ५०, ६६ किंवा १००. ब्ल्यू-रे बाजारात आली २००६ ला, तेव्हा एचडी डीव्हीडी म्हणून दुसरा गट पण होता, २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबानं हात वर केले आणि तो विषय संपला. फोर-के डिस्क आली २०१६ ला.

एक गोष्ट गाण्यांच्या शौकिनांसाठी. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमनं शूट होतो, आणि आपल्याकडच्या पॅल (आपल्या टीव्हीची जुनी पद्धत) डीव्हीडी-व्हीसीडीवर तो २५ नं पळवलेला असतो. म्हणजे अडीच तासांचा पिक्चर १४४ मिनिटांत संपतो आणि बहुतेक वेळा गाण्याची पट्टी पण थोडी वर चढते. घरात पेटी असेल तर सूर लावून बघा, कळेल. ब्ल्यू-रेवर तो परत २४ नं चालतो. मला विचाराल तर चित्रापेक्षा हाच फरक जास्त सुखाचा आहे, पण हे सांगितलं की लोक माझ्याकडंच बघत बसतात.

मग साधी ब्ल्यू-रे घेऊ की एकदम फोर-केच?

टीव्ही ४३ इंची आणि सोफा भिंतीला टेकवून आठ-नऊ फुटांवर असेल, आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये असंच असतं, तर डीव्हीडी ते ब्ल्यू-रे हा फरक आजीलासुद्धा दिसेल पण ब्ल्यू-रे ते फोर-के हा फरक तुम्हाला जवळ जाऊन शोधावा लागेल. ६५ इंच किंवा प्रोजेक्टर असेल तर गोष्ट वेगळी.

फोर-केचा खरा फायदा ठिपक्यांचा नाहीच, एचडीआरचा आहे, म्हणजे दिव्याचा उजेड, ऊन, काळोखातला तपशील. पण स्वस्तातल्या टीव्हीवर बॉक्सवर एचडीआर लिहिलेलं असलं तरी पडद्याला तेवढी ताकदच नसते, उलट चित्र काळपट दिसतं आणि लोक म्हणतात डिस्क खराब निघाली. आणि अजून एक गोम आहे. २००० नंतरचे बरेच पिक्चर फायनल झाले तेच टू-के मध्ये, म्हणजे साधारण ब्ल्यू-रेएवढ्याच ठिपक्यांत, त्यांची फोर-के डिस्क म्हणजे तेच चित्र मोठं करून, रंग नवीन लावून दिलेलं. उलट ५०-६० वर्षांपूर्वी ३५ एमएम फिल्मवर घेतलेला पिक्चर निगेटिव्हवरून नीट स्कॅन केला तर फोर-केमध्ये असा उघडतो की नवा पिक्चर मागं पडावा. त्यामुळं फोर-केला पैसे घालायचे तर जुन्या फिल्मवाल्या, नीट रिस्टोअर केलेल्या पिक्चरवर घाला, नाहीतर ब्ल्यू-रे भरपूर झाली.

माझ्याकडं मराठीच जास्त आहेत. मराठी पिक्चर ब्ल्यू-रेवर मिळतील का?

इथं गाडी अडते. अगदी मोजके आलेत, बाकी नाहीत आणि आता येतील असं वाटत नाही. आपल्याकडं मराठी पिक्चर घरोघर पोचले ते व्हीसीडीनं. मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयाला व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी काढली तेव्हा गणपत गल्लीतनं भाजी आणायला गेलेला माणूस पिशवीत दोन पिक्चर पण घेऊन यायचा. त्या किमतीत दर्जा कोण बघतो. ज्या टेपवरून त्या छापल्या तीच टेप पुष्कळदा धुवट, वरनं कोपऱ्यात कंपनीचा लोगो.

मुळात डिस्क बदलली म्हणून चित्र सुधारत नाही, मूळ माल चांगला हवा. निगेटिव्ह किंवा चांगली प्रिंट शाबूत असेल, कुणीतरी ती स्कॅन करायला पैसे घातले, तरच नवीन डिस्कला अर्थ. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, तिथं नॅशनल फिल्म हेरिटेज मिशनमधून जुने पिक्चर फोर-केमध्ये रिस्टोअर करायचं काम चाललंय, पण रिस्टोअर होणं वेगळं आणि त्याची डिस्क तुमच्या हातात पडणं वेगळं. आणि कित्येक पिक्चरचं तर मूळच राहिलं नाही, २००३ च्या जानेवारीत पुण्यातच जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली त्यात किती तरी गेलं.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं की मराठी व्हीसीडी टाकू नका. ती धुवट असली तरी कदाचित तुमच्याकडं तेवढीच आहे. हिंदी-इंग्लिशमधलं जे ब्ल्यू-रेवर मिळतंय ते बदला, मराठीतलं जे आहे ते जपा.

यूट्यूबवर सगळं फुकट आहे की. एवढा कुटाणा कशाला?

आहे तोवर बघा ना, मी कुठं नको म्हणतोय. पण कधी हक्काच्या भांडणात पिक्चर गायब होतो, कधी चौकोनी पिक्चर आडवा दिसावा म्हणून वरनं-खालनं कापलेला असतो, पाटलाचा फेटाच पडद्याबाहेर. ओटीटीवर तर आज आहे, पुढच्या महिन्यात नाही. आणि फोर-के लिहिलेलं स्ट्रीमिंग आणि फोर-के डिस्क एक नव्हे, डिस्कवर सेकंदाला जाणारा डेटा कितीतरी पट जास्त असतो. पाऊस, धूर, धुकं असले सीन आले की लगेच कळतं, स्ट्रीमिंगमध्ये त्याचा चिखल होतो.

नवीन ब्ल्यू-रे प्लेअरवर जुन्या व्हीसीडी चालतील ना?

डीव्हीडी चालतील, गाण्यांच्या सीडी बहुतेक प्लेअरवर चालतील, पण व्हीसीडीचा काही नेम नाही. बऱ्याच ब्ल्यू-रे प्लेअरना व्हीसीडी ओळखताच येत नाही, कारण युरोप-अमेरिकेत ती कधी रुळलीच नाही, ती होती आपल्या आशियाची. विकत घ्यायच्या आधी मॅन्युअलमध्ये व्हीसीडी लिहिलंय का बघा, दुकानदाराच्या ‘सगळं चालतंय की’ वर जाऊ नका, घरची एक व्हीसीडी सोबत घेऊन जा आणि तिथंच लावून बघा. आणि चालू असलेला जुना डीव्हीडी प्लेअर भंगारात घालू नका, तो माळ्यावर असू दे.

व्हीसीडी कॉम्प्युटरवर कशी घ्यायची?

सोपं आहे. डीव्हीडी ड्राईव्ह हवा, लॅपटॉपला नसेल तर यूएसबीवाला बाहेरचा मिळतो. डिस्क घाला, उघडा, आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसेल, त्यात डॅट शेपटीची एक मोठी फाईल, बहुतेक एव्हीसेक०१ नावाची. विंडोजवर ती सरळ कॉपी करून हार्ड डिस्कवर टाका आणि व्हीएलसी नावाच्या प्लेअरमध्ये उघडा, चालते. एका व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटं बसतात म्हणून पिक्चरच्या दोन-तीन फायली होतील, लगेच पिक्चरचं नाव आणि भाग १, भाग २ असं लिहा. नाहीतर सगळ्या फायलींचं नाव एकच, नंतर कुठल्या पिक्चरचं इंटर्व्हल कुठं जुळवायचं ते ब्रह्मदेवाला पण कळणार नाही.

कॉपी अर्ध्यात अडकली तर डिस्क काढून पुसा आणि ड्राईव्ह बदलून बघा. ड्राईव्ह-ड्राईव्हमध्ये खूप फरक असतो, एकावर न वाचलेली डिस्क दुसऱ्यावर गुमान वाचते.

आणि हे करून वर ती फाईल ब्ल्यू-रेवर राईट केली म्हणजे ब्ल्यू-रे क्वालिटी आली असं नाही. १ लाख ठिपके होते तेवढेच राहतात. आपण जपणूक करतोय, अपग्रेड नाही.

भाचा अमेरिकेतून येणार आहे, त्याला प्लेअर आणायला सांगू का? तिकडं स्वस्त आहे म्हणतो.

थांबा, आधी हे वाचा. डीव्हीडीला जगाचे रीजन म्हणजे विभाग पाडलेत, अमेरिका १, आपण ५. ब्ल्यू-रेला तीन: अमेरिका ए, युरोप आणि आखाती देश बी, भारत सी. अमेरिकेचा प्लेअर आपली रीजन ५ ची डीव्हीडी घेत नाही. बरं, आपल्या कितीतरी डीव्हीडीवर रीजनचं कुलूपच नसतं, तरी अडचण सुटत नाही, कारण आपली डीव्हीडी पॅल असली तर तिकडचे पुष्कळ प्लेअर पॅल घेतच नाहीत. म्हणजे भाच्यानं विमानातनं सांबऱ्याच्या विमानतळापर्यंत जपून आणलेला प्लेअर तुमच्या अर्ध्या कपाटाला ‘डिस्क चालत नाही’ म्हणणार. दुबई-मस्कतहून आणला तर पॅलचा त्रास नाही, रीजनचा आहे.

फोर-के डिस्कला मात्र रीजनचं कुलूप नाही, कुठलीही कुठंही चालते. फक्त त्याच डब्यात जी साधी ब्ल्यू-रे जोडीला देतात तिला असू शकतं. साध्या ब्ल्यू-रेतसुद्धा मोठ्या स्टुडिओंच्या बऱ्याच डिस्क सगळ्या रीजनच्या असतात, मागच्या बाजूला ए, बी, सी तिन्ही अक्षरं आहेत का ते बघून घ्यायचं.

आणायचाच असेल तर मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का ते भाच्याकडनं फोटो काढून मागवा. नुसतं ११० वाला असेल आणि तुम्ही तो आपल्या २३० च्या सॉकेटला लावला तर पिक्चर तिथंच समाप्त.

पोराचा गेम खेळायचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) आहे. वेगळा प्लेअर घ्यायलाच हवा का?

डिस्क ड्राईव्हवाला असेल तर नको, फोर-के डिस्क, ब्ल्यू-रे, डीव्हीडी तिन्ही चालतात. एक्सबॉक्स सिरीज एक्स पण तसाच. पीएस४ वर ब्ल्यू-रेपर्यंतच, पीएस४ प्रो घेतला असला तरी फोर-के डिस्क नाही. व्हीसीडी आणि गाण्यांची सीडी पीएस५ वर विसरा. आणि पोरगं गेम सोडून उठेल तेव्हा तुमचा पिक्चर, हा हिशोब आपल्या आपण करा.

प्लेअर मिळतात का अजून? कंपन्या बंद करतायत म्हणे.

खरं आहे. ओप्पोनं २०१८ ला सोडलं, सॅमसंगनं २०१९ ला, एलजीनं पण २०२४ मध्ये. सोनी आणि पॅनासॉनिकची मॉडेल मिळतात. सोनीनं कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणं २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवलं, त्या बातमीनं बऱ्याच जणांना वाटलं की ब्ल्यू-रेच बंद, तसं नाही, ते फक्त घरी राईट करायच्या डिस्कबद्दल होतं. पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते दिसतंय. बेळगावात शोरूममध्ये विचारलं तर सेल्समन साउंडबार दाखवतो, त्यामुळं ऑनलाईन मागवणं किंवा कोल्हापूर, पुणे, बेंगळूरला सेकंडहँड बघणं एवढेच रस्ते. सेकंडहँड घेताना दोन थराची ५० जीबीवाली ब्ल्यू-रे शेवटपर्यंत पळवून बघा, लेझर थकलेला असेल तर तिथंच अडखळतो. नवीन डिस्क चालत नसतील तर प्लेअरला नेट जोडून सॉफ्टवेअर अपडेट मारा.

जुना होम थिएटर चालेल का?

चालेल. एचडीएमआय नसेल आणि ऑप्टिकल वायरनं जोडला तर डॉल्बी डिजिटल आणि साधा डीटीएस मिळेल, ट्रूएचडी वगैरे वरचे प्रकार त्या वायरमधून जात नाहीत. घरात बसून ऐकायला ते पुष्कळ आहे.

स्टुडिओवाला म्हणूलाय की लग्नाची कॅसेट एचडी ब्ल्यू-रे करून देतो. द्यायची का?

कॅसेट कॉपी करायला द्या, पण ‘एचडी’ शब्दाला एक रुपया जास्त देऊ नका. १९९० च्या दशकातलं लग्न म्हणजे खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा, डोक्यावर झगझगीत लाईट, मग मिक्सिंगमध्ये बदामाच्या आकारात नवरा-नवरी आणि मागं पिक्चरचं गाणं. त्या टेपमध्ये डीव्हीडीएवढा पण तपशील नाही. ती ब्ल्यू-रेवर घातली तर चकती निळी, बाकी चित्र तेच. आणि कॉम्प्युटरनं जास्त ‘क्लीन’ केलं तर चेहऱ्यांचं मेण होतं. वारलेल्या आजोबांचा एकमेव हलता चेहरा असा गुळगुळीत करून घेऊ नका.

काय मागायचं ते सांगतो. एक, पेनड्राईव्ह किंवा हार्ड डिस्कवर फाईल, कमीत कमी ८ एमबीपीएसची, म्हणजे तासाला साडेतीन जीबीच्या आसपास. अख्खं तीन तासांचं लग्न एका जीबीत आणून दिलं तर परत पाठवा. दोन, चौकोनी चित्र चौकोनीच. तीन, काही कापायचं नाही, पंगतीचा भाग कंटाळवाणा म्हणून तो उडवतात आणि खरं तर अख्खं गाव, शेजारीपाजारी, तेव्हाचं घर सगळं त्या पंगतीतच असतं. चार, मूळ कॅसेट परत. कॅसेट लहान मिनीडीव्ही असेल तर फायरवायर नावाच्या वायरनं जशीच्या तशी उतरवून मागा, तासाला १३ जीबी होतात, होऊ देत.

आणि हे लांबवू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ ला थांबली. आता जे व्हीसीआर आहेत ते दुरुस्त करत करत चाललेत, त्याचं हेड साफ करणारा माणूस गावात एखादा उरलाय. सगळ्या यादीत हे काम पहिलं करा, पिक्चर नंतर. पिक्चरची दुसरी कॉपी जगात कुठं तरी असेल, तुमच्या लग्नाची नाही.

आमच्याकडं जांबोटीला पाऊस म्हणजे चार महिने कपडे वाळत नाहीत. डिस्कचं काय?

टेपांना आधी सांभाळा. कॅसेटच्या खिडकीतनं रिळावर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी, ती व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. डिस्क त्यामानानं टिकतात, पण बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, कागदी पाकिटात नको, प्लास्टिकच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आणि घरी राईट केलेल्या डिस्कवर नाव लिहायला चिकटणारं लेबल लावू नका, ओलीनं ते सुटतं, वर-खाली होतं आणि डिस्क डगमगते.

ओरखडे पडलेत. टूथपेस्ट लावतात म्हणे?

टूथपेस्ट दाताला. मऊ कापडानं मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल गोल नाही.

पण एक लक्षात ठेवा. सीडी-व्हीसीडीमध्ये माहिती असते छापील बाजूला, रंगाच्या थराखाली लगेच. आपण चकाकणारी बाजू जपतो आणि छापील बाजू टेबलावर घासतो, तिथला ओरखडा कायमचा. डीव्हीडीमध्ये माहिती मधोमध, ०.६ मिलीमीटरवर. ब्ल्यू-रेत चकाकणाऱ्या बाजूपासून फक्त ०.१ मिलीमीटर, म्हणून तिला वरनं कडक थर दिलेला असतो आणि ती सहसा ओरखडत नाही, पण ओरखडलीच तर पॉलिश मशीनवर नेऊ नका.

सूनबाई धारवाडची, मराठी तिला थोडं थोडं कळतं. सबटायटल मिळतील का?

व्हीसीडीवर सबटायटल चालू-बंद करायची सोयच नसते. डीव्हीडीवर असली तर बहुतेक इंग्लिश. म्हणून एकच पिक्चर व्हीसीडी आणि डीव्हीडी दोन्हीत सापडला तर डीव्हीडी उचला, कन्नड पिक्चरचं पण तेच, सासूबाईंना पण सोय होते.

नवीन आल्यावर जुन्या डिस्क विकू का?

आधी नवीन डिस्क अख्खी बघा. गाणी सगळी आहेत का, तुम्हाला आठवतो तो सीन आहे का. जुन्या व्हीसीडीत दोन डिस्कांत बसवायला कापाकापी केलेली असायची तशी कधी कधी नव्यातही काहीतरी वेगळंच निघतं, मूळ आवाज काढून नवीन घातलेला, रंग निळसर केलेला. पटलं तरच जुनी द्या. विकून तसे पैसे येत नाहीत, भंगारवाला किलोवर घेतो. त्यापेक्षा ज्यांच्याकडं अजून डीव्हीडी प्लेअर चालू आहे अशा कुणाला तरी द्या, खेड्याकडं अशी घरं आहेत. मराठीतल्या ज्यांची कॉपी केलीय त्यांची हार्ड डिस्क एक आपल्या घरी आणि दुसरी बहिणीकडं किंवा मामाकडं, वेगळ्या गावात. आणि वर्षातनं एकदा दोन्ही जोडून चालतात का ते बघायचं, दसऱ्याला शस्त्रं पुजताना बघितलंत तरी चालेल.